खेळातून कानाची तयारी
(भजनी मंडळांसाठी श्रवणाचा एक पाठ)

॥ राम कृष्ण हरी ॥

श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने आपल्या पित्याला भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिला मान श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा. हा क्रम आपण नेहमी ऐकतो, कीर्तनात सांगतोही. परंतु भजन शिकवायला बसलो की नेमका उलटा करतो. पोराच्या हाती आधी टाळ देतो, तोंडी आधी चाल देतो, आणि कानाची विचारपूस शेवटी करतो. मग टाळ मागेपुढे पडू लागला, पट्टी सुटू लागली, की म्हणतो, “ह्याला कान नाही.” झाले! एका शब्दात निकाल लागला.

हा निकाल मीही एकदा दिला आहे. तो चुकला, आणि त्यातूनच हा पाठ निघाला आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

कृष्णाकाठच्या एका गावात मी भजनी मंडळाला शिकवीत असे. सुमारे वीस वर्षे झाली असतील. एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, “बुवा, ह्याला टाळ शिकवा. घरात दिवसभर परात बडवत बसतोय.” मी त्याला मंडळात घेतले. तीन संध्याकाळ पाहिले. टाळ सारखा मागे पडे. चौथ्या दिवशी मी त्या माउलीला सांगितले, “आक्का, ह्याला कान नाही. वारीत पताका द्या ह्याच्या खांद्यावर. ती पण सेवाच आहे.” ती “बरं” म्हणाली. पोराने टाळाची दोरी नीट गुंडाळली, जोडी माझ्यासमोर ठेवली, आणि काही न बोलता निघून गेला.

त्याच आषाढात आमची दिंडी माउलींच्या सोहळ्यात होती. नीरेचे स्नान झाले, लोणंदचा मुक्काम झाला, आणि चांदोबाच्या लिंबाला सोहळ्यातले पहिले उभे रिंगण झाले. अश्व धावून गेले, लोकांनी त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावली, आणि मग ठिकठिकाणी फुगड्या आणि पावल्या सुरू झाल्या. आमच्या मृदंग्याभोवतीही फेर धरला गेला. पाहतो तो पताका खांद्यावर टाकून हे पोर त्यात. पाऊल बरोबर समेवर. मृदंग्याने न सांगता लय दुप्पट केली, तेव्हा मोठमोठे टाळकरी क्षणभर अडखळले. ह्याचे पाऊल अडखळले नाही. म्हातारा मृदंगी माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “बुवा, कान ह्याच्या पायात हाय. तुम्ही हातात हुडकत होता!”

मी खजील झालो. नंतर विचार केला तेव्हा माझी चूक ध्यानात आली. मी त्या पोराला शेवटच्या ओळीत, कर्ण्याच्या अगदी शेजारी उभे केले होते. कर्ण्यातून पेटीचा आणि माझ्या गळ्याचा गोंगाट, त्यात मृदंग त्याला ऐकूच येत नसावा. शिवाय हातात मोठ्या माणसाचा जड टाळ. उचलून आणीपर्यंत मात्रा निघून जाई. त्याला कान होता. मी त्या कानाला काही ऐकूच दिले नव्हते.

आपल्या खेळांत हे शिक्षण आहेच

वारीतले खेळ म्हणजे शीण घालवण्याची करमणूक, असे पुष्कळांना वाटते. शीण जातो हे खरेच. पण जरा बारकाईने पाहा. पावली म्हणजे काय? मृदंगाचा ठेका कानाने घ्यायचा, तो पायात उतरवायचा, आणि शेजाऱ्याच्या पावलाशी जुळवायचा. फुगडी म्हणजे दोघांची लय एक करायची. एकाची लय सुटली की दोघेही पडतात. गोल रिंगणानंतर पालखीभोवती उडीचा खेळ होतो. त्यात टाळकरी आणि मृदंगी उभे, बसलेले, वाकलेले अशा नाना परींनी तोच ठेका धरून ठेवतात. शरीर कसेही असो, कान समेवरून हलता कामा नये, हेच ते शिक्षण.

संतांनी खेळाला कमी लेखले नाही. तुकोबारायांच्या गाथेत टिपरी, विटुदांडू, हमामा, फुगडी, हुंबरी अशा खेळांच्या नावांनीच अभंग आहेत. नाथमहाराजांच्या भारुडांतही खेळ आहेत. आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तो तर देवाच्या खेळाचीच आठवण. ज्या संप्रदायात देवच गोपाळांबरोबर खेळतो, तेथे पोरांना खेळातून भजन शिकवायला संकोच कशाचा?

आणि एक गोष्ट पाहा. संध्याकाळी पालखीतळावर समाज आरतीची वेळ होते. हजारो टाळ-मृदंग एकदम वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. त्या एवढ्या मोठ्या शांततेत तेवढाच टाळ ऐकू येतो. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मग तोही टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची पुकार होते आणि आरती होते. म्हणजे आपल्या सोहळ्याचा न्यायसुद्धा कानावर चालतो. असा संप्रदाय असून आपल्या मंडळात “ऐकणे” हा विषय कोणी वेगळा शिकवीत नाही, ही आपलीच उणीव आहे.

सातारा-सांगलीचा कान

आपला हा मुलूख कानाच्या बाबतीत भाग्यवान आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, जन्म 1872 चा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांचे डोळे गेल्यासारखेच झाले. शाळेची वाट बंद झाली, तेव्हा त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. डोळ्यांचे काम कानांनी उचलले. त्याच पलुसकरांनी पुढे 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत घरोघर नेले. अखेरीस 1931 साली त्यांनी मिरजेतच देह ठेवला.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. त्यांची समाधी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तेथे दरसाल गाण्याचा उत्सव होतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. स्वरांच्या 22 श्रुती नेमक्या कोठे पडतात याचे मोजमाप त्यांनी केले आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. या कामी खाँसाहेबांचा गळा आणि कान त्यांच्या उपयोगी पडला. देवल आणि क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज सनदी अधिकारी यांच्या खटपटीने 1911 साली साताऱ्यात या विषयाच्या अभ्यासाची संस्थाही निघाली. एक सुराचा फकीर, एक पेन्शनर कारकुनी शिस्तीचा, एक परदेशी. तिघे एका तारेपाशी कान लावून बसले, ही आपल्या भागातली गोष्ट आहे.

आणि मिरजेचे तंतुवाद्यांचे कारागीर! त्यांच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा बहुधा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. म्हणजे आपल्या विठुरायाच्या रानातले फळ मिरजेस येऊन बोलू लागते. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडी कानसेने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा किंचित घासतो. किती घासायचे हे तेथे कानच सांगतो. असा कान एका दिवसात येत नाही. लहानपणापासून दुकानात बसून, हाताशी खेळत, ऐकत तो येतो.

आता प्रत्यक्ष खेळ सांगतो. यांना पैसा लागत नाही. मंडळात टाळ, मृदंग आणि वीणा असतेच. बाकीचे स्वयंपाकघरात मिळते.

खेळ पहिला : मुका टाळ

आपला भजनी ठेका आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर खाली. मुलांना गोलाकार बसवावे. मृदंग्याने ठेका धरावा आणि सर्वांनी टाळ्या वाजवाव्या. चार आवर्तने झाली की शिकवणाराने हात वर करावा, चोपदाराने दंड करावा तसा. लगेच मृदंग बंद, टाळ्या बंद. एक आवर्तन प्रत्येकाने मनात मोजायचे, आणि पुढच्या समेवर सर्वांनी एकच टाळी द्यायची.

पहिल्या दिवशी ती टाळी पावसाच्या सरीसारखी पडेल. कोणी आधी, कोणी मागून. हसू द्यावे. दहा दिवसांत टाळ्या जवळ येतात. मग एकाच्या ऐवजी दोन आवर्तने मौन ठेवावे, मग चार. वाजत असताना लय धरणे सोपे, कारण दुसरा आपल्याला ओढून नेतो. वाजणे थांबल्यावर जी लय उरते, ती आपली स्वतःची. हा खेळ तेवढी एकच गोष्ट शिकवतो, पण ती भजनाच्या मुळाशी आहे. घाईने धावणारी भजने बहुधा अशी असतात, की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या टाळावर विसंबून असतो आणि मनात मोजणारा एकही नसतो.

खेळ दुसरा : न सांगता बदल

हा पावलीचा खेळ. मुलांनी फेर धरावा, हातात काही नको. मृदंग्याने ठेका लावावा आणि मुलांनी दर मात्रेला एक पाऊल टाकावे. मृदंग्याने मधेच, खूण न करता, लय दुप्पट करावी किंवा निम्म्यावर आणावी. जो चुकेल त्याने बाहेर बसू नये. नेहमीच्या खेळात चुकलेला बाद होतो. येथे चुकलेल्याने फेराच्या मध्ये, मृदंग्याच्या जवळ जाऊन बसावे आणि हाताने मृदंगाचे खोड धरून ठेका अंगात घ्यावा. दोन आवर्तनांनी पुन्हा फेरात यावे. ज्याला जास्त गरज, त्याला बाहेर बसवून काय साधणार?

लय आधी पायात येते, मग हातात, मग गळ्यात, असा माझा अनुभव आहे. म्हणून पाऊल पक्के झाल्यावरच टाळ द्यावा, आणि तोही मुलाच्या हाताला पेलेल असा लहान. मुलींना झिम्मा-फुगडीची सवय असेल तर हे फारच लवकर येते. मंगळागौरीला जागणाऱ्या आयाबायांनी हा खेळ मंडळात येऊन शिकवावा. त्यांच्याइतका पक्का ठेका पुष्कळ टाळकऱ्यांपाशी नसतो.

खेळ तिसरा : कोणाचा टाळ?

आंधळी कोशिंबीर सर्वांना ठाऊक आहे. हा तिचाच भजनी अवतार. एका मुलाचे डोळे बांधावे. पाच मुलांनी पाच जोड्या टाळ घेऊन चहूंकडे उभे राहावे. आधी प्रत्येकाने आपला टाळ एकदा वाजवून दाखवावा. मग कोणीही एकाने वाजवावा. डोळे बांधलेल्याने कोणाची जोडी ते सांगावे आणि दिशेकडे बोट करावे.

टाळ सगळे सारखेच, असे वाटते. तसे नाही. काशाच्या टाळाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विझतो. मोकळा मारलेला झणझणत राहतो, दाबलेला तुटतो. एकाच जोडीतल्या दोन वाट्यांचा स्वरही क्वचितच तंतोतंत सारखा असतो, म्हणून नादाला लहर येते. मुलांना हे शब्दांनी सांगू नये. खेळात त्यांचे त्यांना कळते. महिन्याभराने टाळांऐवजी माणसे घ्यावी. प्रत्येकाने फक्त “विठ्ठल” म्हणावे, आवाज बदलूनही म्हणावे, आणि कोण बोलले ते ओळखावे. ज्याला मंडळातल्या प्रत्येकाचा आवाज ओळखू येतो, त्याचा स्वतःचा आवाज त्यांच्या आवाजात आपोआप मिळू लागतो.

खेळ चौथा : तांब्यातले पाणी

हा घरच्या माउलींचा खेळ. मुलाचे डोळे मिटवावे आणि रिकाम्या तांब्यात वरून बारीक धार धरावी. तांब्या भरत आला की मुलाने “पुरे” म्हणावे. पाणी सांडले तर मूल हरले, फार उणे राहिले तरी हरले.

पाणी भरू लागले की आवाज चढत जातो, कारण वरची हवेची पोकळी आखूड होत जाते. पोकळी आखूड तर स्वर उंच. बासरीचे भोक उघडले की होते तेच. अंधारात घागर भरणाऱ्या आपल्या आज्यांना हे न शिकता येत होते. आता गंमत पाहा. त्याच तांब्यावर बाहेरून चमच्याने टिचकी मारावी. रिकाम्या तांब्याचा स्वर उंच आणि भरलेल्याचा खाली! धारेचा आवाज चढतो आणि टिचकीचा उतरतो. याचे कारण, टिचकीने तांब्याचे अंग हलते, आणि पाण्याचे वजन लागले की ते सावकाश हलते. मुलांना आधी “काय होईल?” असे विचारावे, मग करून दाखवावे. अंदाज चुकला की कान टवकारतात.

पुढे चार वाट्यांत कमीजास्त पाणी घालून चार स्वर करावे आणि मुलांनी जिना चढल्यासारखे त्या क्रमाने उभे राहावे. चढ-उतार कळला की मग सा-रे-ग-म. आधी नावे पाठ करवून मग चढ-उतार शिकवणे म्हणजे गाव न दाखवता पत्ता पाठ करवणे होय.

खेळ पाचवा : तारेच्या लाटा

हा जरा मोठ्या मुलांचा. वीणेच्या किंवा तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात लावाव्या, पण पूर्ण जुळवू नयेत. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज “वां-वां-वां” असा हेलकावे खातो. मुलांनी त्या लाटा बोटांवर मोजाव्या. मग खुंटी हळूहळू पिळावी. लाटा सावकाश होत जातात, आणि तारा जुळल्या की नाद सपाट पाण्यासारखा स्थिर होतो. त्या क्षणी मुलांनी हात जोडावे.

हिशेब सोपा आहे. एक तार सेकंदाला 240 वेळा कंप पावत असेल आणि दुसरी 242 वेळा, तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. फरक एकाचा राहिला तर एकच. षड्ज 240 धरला तर पंचम 360 आणि वरचा षड्ज 480. देवलांसारख्यांनी जे गणिताने मांडले, ते मिरजेचा कारागीर लाटांवरून ओळखतो, आणि आपले पोरही ओळखू शकते. अलीकडे मोबाईलमधला तंबोरा सर्वांपाशी असतो. पट्टी धरायला तो उपयोगी आहे. त्याला नावे ठेवू नयेत. पण खुंटी पिळून स्वर जुळवण्याचे शिक्षण त्यात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी खऱ्या तारेपाशी बसावे.

खेळ सहावा : अभंगाची पावले

मोठ्या अभंगाचा घाट सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा, एकूण 22. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते, कित्येकदा पहिल्याचेही. ज्ञानोबारायांचा हरिपाठ याच घाटाचा आहे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. शिकवणाराने पोथी न दाखवता अभंग सावकाश म्हणावा. मुलांनी दर अक्षराला एक पाऊल टाकावे आणि यमक आले की टाळी द्यावी. जुन्या उच्चारांत एखादे अक्षर कमीजास्त होते. ते कोठे झाले हे जो पकडील त्याला शाबासकी द्यावी.

याचा चालीशी थेट संबंध आहे. एका आवर्तनात एक चरण येत असेल, तर सहा अक्षरांना आठ मात्रा मिळतात. म्हणजे दोन मात्रा कोठे तरी ओढाव्या लागतात. शेवटच्या चार अक्षरांना तर चार मात्रा उरतात. चालीतली सारी गोडी त्या उरलेल्या मात्रांत असते. तेथे घाई केली की अभंग धापा टाकतो.

खेळ सातवा : दूरचा टाळ

हा मोकळ्या रानात करावा. मृदंग्याला एका बांधावर उभे करावे आणि मुलांना सुमारे 170 मीटरवर. मृदंग्याने ठसठशीत थापा द्याव्या. हात पडताना दिसतो आधी, आवाज येतो नंतर. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. 170 मीटरवर आवाज नेमका एक मात्रा उशिरा पोचतो. म्हणजे तिकडे दुसरी थाप पडताना इकडे पहिली ऐकू येते! मुले हे पाहून थक्क होतात.

लांब रांगेत टाळ का फुटतो, याचे एक कारण हे आहे. 34 मीटरवरसुद्धा मात्रेचा पाचवा हिस्सा उशीर होतो. म्हणून दिंडी चालताना पुढच्या दिंडीच्या मृदंगाकडे कान देऊ नये. आपल्या मृदंगाशी ओळी जवळ ठेवाव्या. रांगा लांबल्या की शेवटच्यांना रागावण्याआधी अंतर पाहावे.

काही पथ्ये

खेळ पंधरा-वीस मिनिटांहून जास्त लांबवू नये. पोरे दमली की कान मिटतो. बक्षिसे लावू नयेत. बक्षीस आले की मूल नाद सोडून बक्षिसाकडे पाहते.

खेळाच्या वेळी कर्णा व ध्वनिवर्धक बंदच असावा. एरवीही सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 40 तास ऐकण्यासाठी 80 डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. आवाज त्याहून वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. कर्ण्याच्या तोंडाशी आवाज याच्या कितीतरी पुढे जातो. सप्ताहात सात दिवस पोरांना कर्ण्याखाली बसवणे म्हणजे ज्या कानाने नाम ऐकायचे तोच कान झिजवणे आहे. गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही.

आणि हे फार महत्त्वाचे. एखादे मूल सर्व खेळांत सारखेच मागे पडत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, कान वाहत असेल, तर त्याला मठ्ठ म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे. मळ साचणे किंवा कान वाहणे यावर उपाय होतो. आणि खरोखर ज्याला कमी ऐकू येते, त्यालाही पावलीच्या फेरात मृदंगाशेजारी जागा द्यावी. खोडाला हात लावून ठेका कळतो.

शेवटचे

कान ही देवाची देणगी आहे यात शंका नाही. पण शेत मिळाले म्हणून पीक येत नाही, नांगरावे लागते. ज्याचे शेत आधी ओले असेल त्याचे लवकर उगवेल, दुसऱ्याचे चार दिवस मागून. “ह्याला शेतच नाही” असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या वारीहून परत आल्यावर मी त्या माउलीच्या घरी गेलो. चूक कबूल केली. ती म्हणाली, “बुवा, तुम्ही सांगितलं तवा मी ऐकलं. आता त्याचं त्यालाच विचारा.” पोर अंगणात होते. मी लहान टाळांची जोडी पुढे केली. त्याने लगेच घेतली नाही. विचारले, “मृदंगापाशी उभा करणार का?” मी हो म्हटले, तेव्हा घेतली.

आज तो बापई गडी दुसऱ्या ओळीत टाळ वाजवतो. फार मोठा कलावंत झाला असे नाही. पण दर आषाढात लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीतली लहान पोरे गोळा करून पावलीचा फेर तो धरतो, आणि जे पोर चुकेल त्याला हाताला धरून मृदंगाजवळ नेऊन बसवतो. तेथे गेल्यावर मी काही बोलत नाही. पोरांच्या मागे बसतो आणि ऐकतो.

वाचकहो, आपापल्या मंडळात या एकादशीपासून निदान पहिला खेळ सुरू करावा. आणि कोणाला “कान नाही” म्हणून आपण घरी पाठवले असेल, तर त्याला आधी बोलावून आणावे.

॥ राम कृष्ण हरी ॥